लुओ वृद्धांची वंशविद्या

पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराच्या ईशान्य व पूर्व तीरावर लुओ नावाचे लोक राहतात. सरोवराला ते आपल्या धोलुओ भाषेत ‘नाम लोल्वे’ म्हणतात. केनियाच्या २०१९ सालच्या शिरगणतीत त्यांची संख्या पन्नास लाखांहून थोडी अधिक भरली. शेजारच्या टांझानियातही त्यांची वस्ती आहे. आणि युगांडातील आचोली व आलूर, दक्षिण सुदानमधील शिल्लुक व अनुआक हे भाषेच्या नात्याने त्यांचे भाऊबंदच होत.

दोन अपरिचित लुओ एकमेकांस भेटले म्हणजे केवळ नाव सांगून ओळख पुरी होत नाही, आणि त्याला कारणही तसेच आहे. रात्री जन्मलेला तो ओतिएनो, भर दुपारच्या उन्हात जन्मलेला तो ओचिएंग, पावसात जन्मलेला तो ओकोथ. जुळ्यांतील पहिला ओपियो, दुसरा ओदोंगो. एका बाजारात हाक मारली तर दहा ओतिएनो मागे वळून पाहतील. तेव्हा नावामागून लगेच प्रश्न येतो, कोणाचा आणि कोठला? या दोन प्रश्नांचे उत्तर पुष्कळदा एकाच शब्दात मिळते. गावाच्या वा मुलखाच्या नावाआरंभी जो ‘का’ असतो, त्याचा अर्थ ‘अमक्याचे ठिकाण’. काराचुओन्यो म्हणजे राचुओन्योचे ठिकाण. भूगोलाचा नकाशा तोच वंशावळीचाही कागद, अशी ही व्यवस्था आहे. मात्र तो कागद कोणी लिहून ठेवलेला नव्हता. तो वडीलधाऱ्यांच्या मुखात होता.

मुखात होता, एवढे म्हणून विषय संपत नाही. वंशावळ पाठ असणे ही फार मोठी करामत नव्हे. जगात पुष्कळ समाजांनी ती साधली आहे. बेळगाव, कोल्हापूर, सांगली या बाजूच्या जुन्या घराण्यांना हेळव्यांची आठवण असेल. बैल घेऊन दारी येणारा हेळवी घराण्याच्या सात पिढ्या घडाघडा म्हणून दाखवी आणि धान्य घेऊन पुढल्या गावी जाई. लुओंमध्ये असा धंदेवाईक वंशगायक नाही. तेथे एकाच्या पाठांतरावर कोणी विसंबत नाही. वंशाची माहिती चार जाणत्यांसमोर बोलली गेली, तिला विरोध करण्याची संधी ज्यांना होती त्यांच्या देखत ती टिकली, म्हणजेच ती खरी ठरली. या ज्ञानाला पोथीचे बळ नाही, वादाचे आहे. आणि त्याचा पुढचा इतिहास कळावयाचा तर हा भेद ध्यानी घेतला पाहिजे.

जुन्या लुओ वाड्यात, म्हणजे ‘दाला’त, गुरांच्या आवाराजवळ घरधन्याची एक लहानशी झोपडी असे. तिला ‘दुओल’ म्हणत. संध्याकाळी गुरे परतली की तेथे शेकोटी पेटे. घरातील पुरुष आणि मोठी मुले तिच्याभोवती बसत. प्रत्येक बायकोच्या चुलीवरून जेवणाचे भांडे तेथे येई. शेजारच्या वाड्यांतील म्हातारे, ज्यांना आदराने ‘जदुओंग’ म्हणावयाचे, तेही येऊन बसत. वंशाची शाळा ती हीच. परंतु तेथे धडे म्हणून घेतले जात नसत. कोणाच्या तरी गाईचा विषय निघे. ती गाय कोणाच्या लग्नात आली, ते लग्न कोणाच्या मुलीचे, ती मुलगी ज्या घरची त्या घराशी पूर्वी तंटा का झाला होता, अशी बोलण्याची साखळी लांबत जाई आणि तिच्या ओघात आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा एकेक करून शेकोटीपाशी येऊन बसत. मुलाने ऐकावयाचे. त्याने विचारलेच तर उत्तर मिळे. परंतु त्याहून अधिक त्याला कळे ते एका म्हाताऱ्याने दुसऱ्यास मध्येच थांबवून ‘नाही, तो धाकटा होता’ असे म्हटले म्हणजे.

‘तो धाकटा होता’ हे तीन शब्द लुओ समाजात सामान्य नव्हेत. थोरल्या भावाचे लग्न झाल्याखेरीज धाकट्याने लग्न करावयाचे नाही. थोरल्याने वेगळे घर मांडल्याखेरीज धाकट्याने मांडावयाचे नाही. पेरणीचा हंगाम आला की थोरल्या बायकोने बी प्रथम टाकावयाचे, मग दुसरीने, मग तिसरीने. वाड्यातील घरांची मांडणीही याच क्रमाने. थोरली बायको ‘मिकायी’. तिचे घर वाड्याच्या दरवाजासमोर. दुसरी ‘न्याचिरा’, तिसरी ‘रेरू’. त्यांची घरे तिच्या दोन्ही अंगांना. ज्याला वाड्यात शिरून घरे ओळखता येतात, त्याला त्या घराण्याच्या शाखा कळल्याच म्हणून समजावे. दर वर्षीच्या ज्वारी-नाचणीच्या पेरणीत वंशावळीची उजळणी होत असे, ती अशी.

या स्मृतीची घडणही पाहण्याजोगी आहे. लुओ वृद्धाला बारा-चौदा पिढ्या सांगता येतात, हे ऐकून परका माणूस थक्क होतो. पण नीट कान दिला तर असे दिसते की सगळी नावे सारख्या कारणाने टिकलेली नाहीत. ज्या पूर्वजाच्या पोटी दोन शाखा फुटल्या, ज्याच्या दोन बायकांच्या मुलांनी दोन वेगळी कुळे उभी केली, तो विसरला जात नाही. कारण आज जिवंत असलेली दोन घरे एकमेकांची कोण लागतात हे त्याच्या नावावाचून सांगता येत नाही. ज्याला एकच मुलगा झाला आणि ज्याच्यापाशी वाट फुटली नाही, त्याचे नाव हळूहळू गळून पडते. नाईल खोऱ्यातील जमातींचा अभ्यास करणारे इव्हान्स-प्रिचर्ड यांनी ही गोष्ट नुएर लोकांविषयी सविस्तर दाखविली. लुओंच्या कुळांवरही त्यांनी १९४९ साली एक निबंध लिहिला. वृद्ध खोटे बोलतात असा याचा अर्थ नव्हे. रस्ता दाखविणारा माणूस फाटे सांगतो. सरळ वाटेवरची झाडे मोजीत बसत नाही.

आणखी एक पुरावा मातीत असे. लुओ माणूस जुना वाडा सोडून नवा बांधी, तेव्हा जुन्याची जागा ओस पडे. शेराच्या कुंपणाचे वर्तुळ, मातीच्या बांधाचा उंचवटा, आतील थडगी एवढे मागे उरे. या ओसाड जागेला धोलुओत ‘गुंडा’ म्हणतात. मराठी कानांना हा शब्द दचकवील, पण त्या गुंड्याचा आपल्या गुंड्याशी काही संबंध नाही. कोणी म्हणाला की ही जमीन माझ्या पणजोबाची, तर वृद्ध विचारीत, त्याचा गुंडा दाखव. त्याला कोठे पुरले ते दाखव. तुझी वार कोठे पुरली आहे ते सांग. ‘इथे काय तुझी नाळ पुरली आहे?’ असे मराठीत आपण रागाने विचारतो. लुओंत तो पुराव्याचा प्रश्न होता. अर्थात सगळ्याच जुन्या जागा लुओंच्या नव्हेत. दक्षिण न्यान्झामधील थिमलिच ओहिंगा ही प्रसिद्ध दगडी तटबंदी २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत आली. तिच्यात वेगवेगळे लोक एकामागून एक राहून गेले आहेत. ओस पडलेल्या भिंती पुन्हा डागडुजी करून नवागतांनी वापरल्या. मातीही एकाच वंशाची साक्ष देत नाही, ती अशी.

नवागतांचा हा विषय वृद्धांच्या बैठकीत सर्वांत नाजूक. ज्या कुळीने मुलूख प्रथम वसविला ती ‘वेग लोवो’, म्हणजे जमिनीची धनी. तिच्या आश्रयाला आलेले, कोणी जावई म्हणून, कोणी बहिणीचा मुलगा म्हणून, कोणी दुष्काळातून वा तंट्यातून पळालेले, ते ‘जोदाक’, म्हणजे राहावयास आलेले. मराठीत ‘कूळ’ हा एकच शब्द वंशालाही लागतो आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यालाही. लुओंच्या देशात ते दोन अर्थ शेजारी राहत आणि प्रसंगी समोरासमोर उभे ठाकत. दोन-तीन पिढ्या गेल्या, शेजार जमला, लढाईत खांद्याला खांदा लागला की जोदाकांची मुले धन्याच्याच पूर्वजाचे नाव सांगू लागत आणि त्याला कोणी हरकत घेत नसे. हरकत घेत नसत. विसरत मात्र नसत. म्हाताऱ्यांना खरे काय ते ठाऊक असे आणि ते गप्प बसत. जाणता माणूस केव्हा बोलतो यावर त्याचे मोठेपण जेवढे ठरे, तेवढेच तो केव्हा बोलत नाही यावरही ठरे. सामाजिक शांततेचा केवढा तरी भार या मौनावर होता.

एवढे सारे पुरुषांच्या शेकोटीविषयी झाले. संशोधकांनीही दीर्घकाळ एवढेच पाहिले, कारण ते स्वतः पुरुष होते, दुओलात बसत आणि तेथे ऐकलेले टिपून घेत. वाड्याच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक शाळा होती. तिचे नाव ‘सिविंधे’. ते वाड्यातील एका म्हाताऱ्या स्त्रीचे घर. तिला ‘पिम’ म्हणत. मुली आणि लहान मुलगे रात्री तिच्यापाशी निजावयास जात. पिम पुष्कळदा त्या मुलांची सख्खी आजी नसे, आणि त्या वंशात जन्मलेली तर क्वचितच असे. मुलेबाळे होण्याचे वय सरलेली, दुरून आलेली अशी ती बाई. अमेरिकन इतिहासकार डेव्हिड विल्यम कोहेन यांनी १९८० नंतरच्या दशकात लुओंचा सामाजिक इतिहास या पिमच्या उंबरठ्यावरून पाहिला, तेव्हा कोठे विद्वानांना जाग आली. पुढे लुओ इतिहासकार अतिएनो ओधिआम्बो यांच्यासह त्यांनी सियाया प्रदेशावर १९८९ साली ग्रंथ लिहिला.

पिम परकी होती, हीच तिची योग्यता. दुओलातील म्हातारा आपल्या बापाची ओळ सरळ वर नेई. त्याला आपल्या मुलखापलीकडचे फारसे दिसत नसे. पिमला दुसरा मुलूख माहीत होता, कारण ती तेथून आली होती. लुओंत विवाहित स्त्रीला तिच्या माहेरच्या मुलखावरून हाक मारतात: गेमची मुलगी ती ‘न्यार गेम’, आलेगोची ती ‘न्यार आलेगो’. पन्नास वर्षे सासरी नांदली तरी तिच्या नावात माहेर राहते. प्रत्येक वाड्यात अशा चार-पाच मुलखांच्या बायका, आणि त्या प्रत्येकीच्या तोंडी एकेका मुलखाची सोयरीक. मुलांच्या कानी ती पडे ती गोष्टी, कोडी, गाणी आणि कुजबूज या रूपाने.

ही माहिती मुलांच्या मनोरंजनापुरती नव्हती. लुओ माणसाला बापाच्या कुळीत लग्न करता येत नाही, आईच्या जवळच्या नात्यातही येत नाही. बापाची कुळी कोणीही सांगेल. पण मुलाच्या आईची आई कोठली आणि मुलीच्या आईची आई कोठली हे जुळवून पाहावयाचे तर ते पुरुषांच्या सरळ ओळीत सापडत नाही. तेथे बायकांचे ज्ञान लागे. मध्यस्थ ‘जागाम’ स्थळ घेऊन आला की दोन्हीकडचे वृद्ध नाती उकलीत. त्यांत म्हातारीने एक शब्द उच्चारला तर ठरत आलेले लग्न मोडे. शिवाय ज्या फाट्यांवर पुरुषांची सारी वंशावळ उभी, ते फाटे म्हणजे तरी काय? एका बापाच्या दोन बायकांची दोन घरे. आईचे नाव वगळले तर फाट्याचा अर्थच लागत नाही. पुरुषांच्या वंशावळीचे सांधे बायकांच्या नावांनी जोडलेले होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

बारशाच्या वेळचा एक प्रकारही येथे सांगावा. मूल सारखे रडू लागले आणि काही केल्या थांबेना, तर कोणी तरी पूर्वज त्याच्याकडून आपले नाव मागत आहे असे समजत. मग घरची माणसे गेलेल्यांची नावे एकेक करून उच्चारीत. ज्या नावाला मूल शांत होई ते त्याला ठेवीत. पुष्कळदा पूर्वज स्वप्नात येऊनही नाव सांगे. विद्वान याची उपपत्ती कशीही लावोत. तान्ह्या मुलाच्या निमित्ताने घरातील सारी नावे एकदा मोठ्याने म्हटली जात, एवढे खरे. मद्यपानाच्या बैठकीत ‘न्यातिती’ हे आठ तारांचे वाद्य वाजू लागले म्हणजे वादकाच्या हाती नाणे ठेवून, त्याला थांबवून, आपली व आपल्या कुळीची स्तुती करण्याची ‘पाक्रुओक’ नावाची रीत तर आजही लोकप्रिय आहे.

इंग्रजी अंमल आला आणि या सगळ्याचे वजन बदलले. १९०१ च्या डिसेंबरात मोंबासाहून निघालेली आगगाडी सरोवराच्या काठी, आज ज्याला किसुमू म्हणतात तेथे पोचली; पुढच्याच वर्षी हा प्रदेश युगांडाकडून काढून पूर्व आफ्रिकेच्या संरक्षित राज्यास जोडण्यात आला. १९०६ साली मासेनो येथे मिशनची शाळा निघाली; सिविंधेत निजणारी मुले वसतिगृहात निजू लागली. पुरुष रेल्वेत, बंदरात, मळ्यांत कामाला गेले आणि दुओलातील शेकोटीपाशी ऐकणारे कमी झाले. तेव्हा जाणत्या लुओंनी लेखणी हाती घेतली. काराचुओन्योचे मुखिया पॉल म्बोया यांनी १९३८ साली लुओ रीतिरिवाजांवर धोलुओ भाषेत ग्रंथ लिहिला. शॅड्रॅक मालो यांनी १९५३ साली मध्य न्यान्झातील कुळींच्या कथा छापल्या. स्वकीयांच्या भाषेत, स्वकीयांसाठी लिहिलेली ही पुस्तके आहेत आणि त्यांचे मोल मोठे आहे.

मोठा घाट घातला तो बेथवेल ॲलन ओगोट यांनी. हे स्वतः लुओ, १९२९ साली जन्मलेले. लिखित साधन नाही तेथे इतिहास नाही, असे युरोपातील विद्यापीठांत उघड म्हटले जाई त्या काळात त्यांनी लंडन विद्यापीठासाठी लुओंच्या मौखिक परंपरेवर प्रबंध लिहिण्याचे धाडस केले. गावोगावच्या वृद्धांकडून त्यांनी कुळींच्या हकिकती गोळा केल्या. एका कुळीने सांगितलेली ओळ दुसऱ्या कुळीच्या ओळीशी ताडून पाहावयाची, एकाच लढाईची किंवा एकाच लग्नाची आठवण दोन्ही पक्षांत जुळते का ते तपासावयाचे, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. पिढीला पंचवीस-तीस वर्षे धरली तर बारा-चौदा पिढ्या तीन-चारशे वर्षांपलीकडे नेतात. अशा हिशेबाने त्यांनी दाखविले की लुओंचे पूर्वज नाईलच्या वरच्या खोऱ्यातून टप्प्याटप्प्याने दक्षिणेकडे सरकले आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास त्यांतील पहिले गट सरोवराकाठच्या रामोगी टेकडीच्या परिसरात आले. आदिपुरुष रामोगी याच्या नावाची ती टेकडी. जोका-जोक, जोक-ओविनी, जोक-ओमोलो असे गट त्यांनी वेगळे ओळखले. आणि सरोवराकाठी लुओ झालेल्या मूळच्या बांटू लोकांनाही इतिहासात जागा दिली. १९६७ साली हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. २०२५ च्या जानेवारीत ओगोट निवर्तले, तोवर आफ्रिकेच्या इतिहासलेखनात त्यांचे स्थान पक्के झाले होते.

ओगोट यांनी जे केले ते एका अर्थाने वृद्धांचेच काम: दहा जणांचे ऐकून, विरोध तपासून निर्णय देणे. फरक इतकाच की दुओलातील निर्णय पुढच्या पिढीत पुन्हा उघडता येई. छापलेला तसा उघडता येत नाही. ग्रंथाच्या बाबतीत हा दोष सौम्य आहे, कारण ग्रंथाला उत्तर म्हणून दुसरा ग्रंथ लिहिता येतो. जमिनीच्या बाबतीत तो तसा राहिला नाही.

पूर्वी भाऊबंदकी विकोपास गेली की एक शाखा उठून नव्या मुलखात जाई. वंशवृक्षावरील कितीतरी फाटे अशा भांडणांतूनच फुटले आहेत. इंग्रजांनी हद्दी आखल्या आणि उठून जाण्याची वाट बंद झाली. लोकसंख्या वाढली, तशी जमीन अपुरी पडू लागली. जे मौन तीन पिढ्या पाळले होते ते सुटू लागले. ‘तुझा आजा आमच्या आश्रयाला आला होता’ हे वाक्य आता कोर्टात उच्चारले जाऊ लागले. स्वातंत्र्यानंतर सरकारने जमिनीचे मालकीहक्क ठरविण्याचे काम हाती घेतले. १९६८ च्या कायद्याने त्यासाठी गावोगाव स्थानिक माणसांच्या समित्या नेमल्या. वृद्धांनी सांगावयाचे, समितीने ठरवावयाचे, कारकुनाने लिहावयाचे. वरवर पाहता ही जुनीच रीत सरकारमान्य झाली असे वाटेल. परंतु १९६३ च्या नोंदणी कायद्यात एक कलम असे होते की पहिली नोंद झाली म्हणजे ती फसवणुकीच्या कारणास्तवही बदलून मिळणार नाही. ज्या समाजात कोणतेही विधान अखेरचे नव्हते, त्याला एका दुपारच्या साक्षीवर कायमचे बांधण्यात आले. त्या दिवशी जो वृद्ध आजारी होता, जो शहरात मुलाकडे गेला होता, जो संकोचाने गप्प राहिला, त्याची शाखा कागदावर आली नाही. आणि या साऱ्यांत बायकांची नावे तर फारच थोडी आली. तो कायदा २०१२ साली रद्द होऊन नवा आला. पण दरम्यान जवळजवळ अर्धे शतक उलटून गेले होते.

वंशज्ञान आणि न्यायालय यांची सर्वांत गाजलेली गाठ जमिनीवरून पडली नाही. एका प्रेतावरून पडली. सिल्वानो मेलिआ ओतिएनो हे नैरोबीतील नामांकित वकील. कायद्याचे शिक्षण त्यांनी मुंबईत घेतले होते. पत्नी वांबुई वैयाकी या प्रतिष्ठित किकुयू घराण्यातील. १९६३ साली दोघांचा विवाह झाला. २० डिसेंबर १९८६ रोजी ओतिएनो वारले. पत्नीचे म्हणणे, नैरोबीजवळ मातासिया येथील आपल्या शेतावर त्यांना पुरावे. ओतिएनोंचा भाऊ आणि त्यांची उमिरा कागेर ही कुळी यांचे म्हणणे, सियायातील न्यालगुंगा या पितृभूमीतच पुरले पाहिजे.

खटला सुरू झाला आणि दुओलातील बोलणे नैरोबीच्या उच्च न्यायालयात इंग्रजीतून होऊ लागले. मराठी माणूस मुंबईतल्या जागेला बिऱ्हाड म्हणतो आणि गावच्याला घर. नेमका तोच भेद कुळीच्या साक्षीदारांनी मांडला. शहरात माणसाचे निवासस्थान असू शकते, ‘दाला’ असू शकत नाही. दाला मांडावयाचा तर वडीलधाऱ्यांच्या उपस्थितीत, रीतीप्रमाणे. नैरोबी विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक ओदेरा ओरुका यांच्यापासून थडगी खणणाऱ्या सामान्य माणसापर्यंत अनेकांच्या साक्षी झाल्या. उलटतपासणीही झाली. पण दुओलातील उलटतपासणी आणि वकिलाची उलटतपासणी एक नव्हे. पहिलीत दोघांनाही उद्या त्याच शेकोटीशी बसावयाचे असते.

१३ फेब्रुवारी १९८७ रोजी उच्च न्यायालयाने कुळीच्या बाजूने निकाल दिला. १५ मे रोजी अपील न्यायालयाने तो कायम केला. लुओ म्हणून जन्मलेल्या माणसाला त्या समाजाची रीत लागू आहे, शहरी राहणीने वा परजातीय विवाहाने ती सुटत नाही, असा त्याचा आशय. २३ मे रोजी, मृत्यूनंतर १५४ दिवसांनी, ओतिएनोंचे दफन न्यालगुंगा येथे झाले. पत्नी गेल्या नाहीत. सबंध केनिया त्या पाच महिन्यांत दोन पक्षांत विभागला होता, आणि कोणाच्या बाजूने बोलावे हे आजही तेथे सोपे नाही. कुळीची श्रद्धा खोटी नव्हती. तथापि, तेवीस वर्षांच्या संसाराची सोबतीण या वंशज्ञानात कोठे बसते, या प्रश्नाला न्यायालयात सांगितल्या गेलेल्या परंपरेपाशी उत्तर नव्हते. सिविंधेतील म्हातारीला ते विचारले गेले असते तर काय सांगितले असते कोण जाणे; तिची साक्ष कोणी काढली नाही.

म्हणूनच दुसऱ्या एका लुओ स्त्रीचे उदाहरण अधिक बोलके वाटते. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले बराक ओबामा यांचे वडील आलेगो भागातील न्यांगोमा कोगेलो येथले. ओबामा तरुणपणी प्रथमच तेथे गेले, तेव्हा घराण्याचा इतिहास त्यांना सांगितला तो सारा ओबामा या वृद्धेने; १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात तो प्रसंग आला आहे. तिने धोलुओत सांगितले आणि बहिणीने इंग्रजीत समजावले. मूळ पुरुषापासून खाली आजोबांपर्यंतची दहा-अकरा नावे तिने ओळीने घेतली. त्यांत ओविनी आहे, ज्याच्या नावाने ओगोट यांच्या ग्रंथातील एक मोठा गट ओळखला जातो. आणि त्यांत ओगेलोही आहे. का-ओगेलो, म्हणजेच कोगेलो. ज्या अंगणात बसून ती बोलत होती त्याचा पत्ताच त्या यादीत पाचव्या पायरीवर होता. या घराण्याची एक शाखा मध्यंतरी सरोवराच्या आखातापलीकडे केंदू बे येथे जाऊन राहिली होती; आजोबा हुसेन ओन्यांगो तेथून उठून पुन्हा आलेगोत आले. आपण मूळचे येथले हे ठाऊक असल्यावाचून असे परतणे होत नाही.

सारा ही हुसेन ओन्यांगोची तिसरी बायको. बराक ओबामांच्या वडिलांना तिने वाढविले, पण ती त्यांची जन्मदात्री नव्हे. आणि ज्यांची नावे तिने घेतली त्यांच्यापैकी कोणाच्याही रक्ताची ती नव्हती. सासरी येऊन, ऐकून, ऐकलेले जुळवून तिने ते मिळविले होते आणि ज्याला धोलुओ येत नव्हती अशा नातवाच्या स्वाधीन केले. २९ मार्च २०२१ रोजी, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी ती वारली. मुस्लिम रीतीप्रमाणे दुसऱ्याच दिवशी तिचे दफन झाले, कोगेलोत.